पद्माक्कांचं उकळतं पाणी

चहासाठी पाणी ठेवलं की मी अजूनही कान देते. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात, मग पाणी सूं सूं करू लागतं, आणि खरी उकळी आली की तो आवाज खाली बसतो. "उकळायच्या आधी पाणी लई बोलतं," पद्माक्का म्हणायच्या. "उकळलं की गप्प. माणसाचं उलटं."

पद्माक्कांना जाऊन आता बरेच महिने झाले. त्या निपाणीत गेल्या असत्या तर मी बेळगावहून सकाळच्या बसने गेले असते, त्यांच्या सोप्यात चार बायकांबरोबर बसले असते, रडले असते. पण त्या गेल्या पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला, मुलाच्या, सन्मतीच्या घरी, झोपेत. सन्मतीचा फोन आला तेव्हा तिथे संध्याकाळ होती आणि इथे दारात भाजीवाला कोथिंबिरीचा भाव सांगत होता. मी फोन ठेवला आणि कोथिंबीर घेतली. तेव्हापासून त्या मला गेल्यासारख्या वाटतच नाहीत. ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमधून चालताना, दुपारच्या सुस्त उजेडात, वाटतं की पलीकडच्या ओळीत त्या उभ्या आहेत आणि कुठलातरी नकाशा उलगडून बघत आहेत.

निपाणीच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा त्या निवृत्तीला आल्या होत्या. मी उचगावची, नवखी; मुख्याध्यापकांनी मला पद्माक्कांच्या माडीवरची खोली दाखवली. उंच, सडसडीत बाई, पांढऱ्यावर बारीक काठाचं लुगडं, काखेत गुंडाळलेला नकाशा तान्ह्या मुलासारखा धरलेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कांदा खातेस?"

मी होय म्हटलं.

"मग खा. पण वर. खाली वास आला न्हाय पायजे."

आमचा करार एवढाच. पुढे मी बेळगावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले, तरी ती माडीवरची खोली मनातून कधी सुटली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी बस धरायची आणि त्यांच्याकडे जाऊन बसायची.

पाचवीच्या पहिल्या तासाला त्या मुलांना विचारत, "आपण कशावर बसलोय?" कुणी म्हणे बाकावर, कुणी फरशीवर. एखादा हुशार म्हणे, पृथ्वीवर. "लाव्हावर," पद्माक्का शांतपणे सांगत. "ही आपली काळी माती हाय न्हवं, ती एके काळी रटरट शिजत होती. थंड व्हायला किती काळ गेला त्याचा हिशेब न्हाय. आणि एवढी थंड झाल्यावर आपण त्यात काय लावलं? तंबाखू." खिडकीतून वखारींचा तो उग्र, गोडसर वास येतच असायचा. सगळा वर्ग हसायचा, आणि ज्यांच्या घरची वखार असेल ती मुलं खाली बघायची. पद्माक्कांच्या सासरचीही वखार होती. यजमान लवकर गेले, वखार दिरांकडे गेली, आणि त्यांनी नोकरी धरली. त्यांच्याकडे राहिलं मागचं घर, एक आड आणि एकुलता एक मुलगा, सन्मती.

भूगोलाइतकाच त्यांचा जैन धर्मही त्यांच्या हातापायांत मुरलेला होता, पण बोलण्यात तो क्वचित यायचा. मोरीत पाणी ओतण्याआधी त्या मुंग्यांना कानडीत "सरी, सरी" म्हणत, म्हणजे सरका बायांनो. आणि मुंग्यांना खरोखर वेळ देत. गरम पाणी कधी जमिनीवर फेकत नसत, निवेपर्यंत थांबत. सूर्य मावळला की पाण्याचा घोटही नाही. पिण्याचं पाणी आडातून काढायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं. आणि त्या फडक्यावर जे राहतं, डोळ्याला न दिसणारे बारीक जीव, त्याला त्या जिवाणी म्हणत. फडकं उलटं करून, वरून थोडं गाळलेलं पाणी ओतून, ती जिवाणी एका लोट्यात घ्यायची आणि दोरीने हळू खाली सोडून परत त्याच आडात मिसळायची. ज्या पाण्यातून जीव आला, त्याच पाण्यात तो परत गेला पाहिजे. दुसऱ्या पाण्यात तो जगेल याची खात्री कोण देणार?

शाळेची सहल एकदा गोकाकच्या धबधब्याला गेली होती. वाटेत एका मळ्यातल्या विहिरीवर पद्माक्कांनी आपल्यापुरतं पाणी गाळून घेतलं, तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मुलं ओरडली, आणि त्या घाईत बसमध्ये चढल्या. बरंच पुढे आल्यावर हातातल्या लोट्याकडे त्यांचं लक्ष गेलं. जिवाणी लोट्यातच राहिली होती.

"गाडी वळवा," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरला कारण कळेना. कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अवो बाई, पुढं धा विहिरी लागतील की. टाका कुठल्याबी विहिरीत."

"तुमचं गाव कोणतं?"

"रायबाग."

"मग तुमाला हुक्केरीला उतरवून जाऊ? गाव ते गावच की."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर पुटपुटत, हसत, एका उसाच्या फडापाशी बस मागे घेऊ लागला. पद्माक्का लोट्यावर तळहात धरून, एका अंगाला कलून बसल्या होत्या, पाणी सांडू नये म्हणून. त्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना त्यांची पाठ मी पाहिली आहे. कुणा पाहुण्याला घरपोच करायला निघाल्यासारखी.

सन्मती लहानपणी त्यांना छळायचा. "आई, उकळताना ते जीव मरत न्हाईत का?"

"मरतात."

"मग?"

"म्हणून मोजकं उकळायचं. आणि आपण मारलंय हे ध्यानात ठेवून प्यायचं."

मुलगा हुशार होता. बेळगावला इंजिनियरिंगला गेला, हॉस्टेलवर राहू लागला. एका सुट्टीत तो आला तेव्हा मी माडीवर राहत होते. त्या दिवशी खाली जेवायला होते. जेवता जेवता तो म्हणाला, "आई, मी हॉस्टेलवर अंडं खातो. तुझ्यापासनं लपवायचं न्हाय म्हणून सांगतो."

पद्माक्कांचा वाढता हात थांबला नाही. त्यांनी आमटी वाढली, भात वाढला, तूप वाढलं. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक ताट आणि एक पेला वेगळा ठेवलेला दिसला. सन्मतीने तो पाहिला. त्याच पेल्याने पाणी प्यायला. पण त्यानंतर त्या घरात त्याने कधी पाणी मागितलं नाही. बाहेरून पिऊन यायचा. नोकरी लागली, पुण्याला गेला, मग न्यूझीलंडला गेला, दुधाची पावडर करणाऱ्या एका कारखान्यात. लग्न केलं नाही. दर रविवारी फोन यायचा. हवामान, गुडघे, पावसाचं मान.

एकदाच त्या माझ्यापाशी बोलल्या. आम्ही मागच्या अंगणात शेंगा फोडत होतो. "मी त्याला टाकला न्हाय गं शैला. पेला तेवढा वेगळा केला. माझा नेम हाय, मी काय करणार? पण तो खोटं बोलला असता तर पेला एकच राहिला असता. खरं बोलल्याची शिक्षा झाली पोराला." मग टरफलं पदरातून झटकत, "एकदा त्याच्या हातचं जेवायचं हाय बघ. पण कसं, ते समजत न्हाय. त्यानं बोलवायचं आणि मी नेम मोडायचा, असं नगं. आणि मी नेम धरून बसायचं आणि त्यानं बोलवायचंच न्हाय, असंबी नगं."

नंतर त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटेना. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, कुठे लांब जायचं मनात असेल तर आत्ता जाऊन या. त्या रविवारी सन्मती फोनवर म्हणाला, "आई, ये. हितं जमीन उकळते. तू शिकवलंस ते तुला दाखवतो." पद्माक्का म्हणाल्या, "शैला येत असंल तर येते. इमानात पाणी कोण गाळणार?"

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो. विमानात त्यांनी हवाई सुंदरीकडून गरम पाणी मागून घेतलं आणि माझ्या हाती फडकं धरायला देऊन ते आपल्या लोट्यात गाळलं. शेजारचा माणूस झोपेचं सोंग घेऊन एका डोळ्याने बघत होता. उतरल्यावर तिथल्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने त्यांच्या चपला मागितल्या. त्या देशात बाहेरची माती चालत नाही, मातीबरोबर कुठले किडे, कुठलं बी येईल म्हणून. त्याने चपलांच्या तळाची निपाणीची काळी माती ब्रशने धुऊन काढली आणि चपला परत दिल्या. पद्माक्का त्याच्याकडे मोठ्या आदराने बघत होत्या. मग आपल्या वर्गातल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "सर, ती माती आता तुम्ही कुठे ठेवणार?" तो गोंधळला. बहुधा हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "शहाणी माणसं हायेत. जिथला जीव तिथं."

सन्मती एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात राहत होता. केस पिकायला लागले होते, पण चालणं आईचंच. त्याने दार उघडलं, आईच्या पाया पडला आणि घर दाखवायच्या आधी गॅरेज दाखवलं. गाडी बाहेर काढून त्याने ते धुऊन घेतलं होतं. आत एक नवी शेगडी, नवं टेबल, कोरी पातेली, डाळ-तांदळाचे डबे. आईने मागायच्या आधीच त्याने आईचं स्वयंपाकघर वेगळं मांडून ठेवलं होतं.

"बरं केलंस," पद्माक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

मग रोज पद्माक्का गॅरेजमध्ये स्वयंपाक करत. सन्मती आपली कॉफी घेऊन गॅरेजच्या पायरीवर बसायचा. आत पाऊल टाकायचा नाही. आतून आई भूगोलाचं बोलायची, सूर्य इथे उत्तरेच्या बाजूने कसा जातो आणि चंद्र उलटा कसा दिसतो. बाहेरून मुलगा हुंकार द्यायचा. मी दोन्हीकडे जेवायची. कधी आत, कधी बाहेर.

आणि मग तो दिवस.

सकाळी निघालो तेव्हा थंडी होती. आपल्याकडचा मे म्हणजे तिकडचा पानगळीचा काळ. तळ्याकाठी सन्मतीने थोडा वेळ गाडी थांबवली, खाली उतरून काठापर्यंत गेला, परत आला. मग डोंगर लागले. एका डोंगराच्या बगलेतून धूर येत होता, जणू पलीकडे कुणी चूल पेटवली आहे. "वाफ," पद्माक्का काचेला नाक लावून म्हणाल्या. "धूर न्हवे. वाफ."

ज्वालामुखीच्या जुन्या खोऱ्यातून वाट खाली उतरत होती, दिवसभराची. वरून चालत खाली जायचं आणि शेवटी एक लहान बस परत वर आणून सोडते. पोफळीएवढी उंच नेच्याची झाडं दोन्ही बाजूंनी वाकलेली. झाडांच्या बुंध्यांतून, दगडांच्या फटींतून, कुठूनही वाफ निघायची, रेंगाळायची आणि आमच्यातून पार होऊन जायची. आधी सन्मती दिसेनासा व्हायचा, मग आक्का, मग माझे स्वतःचे हात. पुन्हा सगळं हळूहळू परत यायचं, धुऊन ठेवल्यासारखं. पद्माक्का फार सावकाश चालत होत्या, अर्धं गुडघ्यांमुळे आणि अर्धं आश्चर्यामुळे. एका खड्ड्यात राखाडी चिखल गुबगुब करत होता; एकेक बुडबुडा फुगायचा, विचार करायचा आणि फुटायचा.

"यव्वा!" त्या कठड्यावर ओणवल्या. "कण्या शिजतायत की गं. ढवळायला पायजे, न्हायतर बुडाला लागतील."

पुढच्या वळणावर वास आला. पद्माक्का थबकल्या, ताठ झाल्या आणि वर्गातल्या सुरात म्हणाल्या, "हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास." मग स्वतःशीच हसल्या. "इतक्या पोरांना हे सांगितलं बघ. सडकं ऱ्हाऊ दे, चांगल्या अंड्याचाबी वास कसा असतो मला कुठं म्हाईत? पुस्तकात होतं, सांगत गेले. मला तर हा काडी ओढल्यासारखा वास लागतोय. खरंच असाच असतो का रं अंड्याचा?"

प्रश्न विचारून झाल्यावर तो आपण कुणाला विचारला, हे त्यांच्या लक्षात आलं. वाफ आमच्या पायांतून सरकत होती. मी नेच्याच्या एका पानाकडे बघत राहिले.

"असाच असतो, आई," सन्मती म्हणाला. मग हळूच, "पण मी सडकी खाल्ली न्हाईत."

पद्माक्कांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी पदर तोंडाला लावला; वासासाठी की हसू लपवायला, मला सांगता येणार नाही. आम्ही पुढे चालू लागलो तेव्हा त्यांचा हात सन्मतीच्या दंडावर होता.

दुपारी एका बाकावर बसून त्यांनी आपल्या दशम्या खाल्ल्या, बाटलीतलं आपलं पाणी प्यायलं. खालच्या अंगाला एक निळसर तळं होतं, संपूर्ण वाफेने झाकलेलं. वारा आला की मधूनच उघडायचं, पुन्हा मिटायचं. तिथून पुढे लाकडी फळ्यांची वाट पाण्यावरून जात होती. जमिनीतून उकळतं पाणी वर येत होतं आणि पांढऱ्या दगडावरून पातळ पसरत होतं. जिथे ते उगम पावत होतं तिथे स्वच्छ, निळं. जरा पुढे हळदीसारखं पिवळं. मग नारिंगी. मग शेवाळी हिरवं. जसे कुणी ओले रंग सांडून ठेवलेत आणि ते अजून मिसळायचे आहेत.

"गंधक असणार," पद्माक्का म्हणाल्या. "लोहबी असंल."

तिथे एक पाटी होती. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पाटीवर लिहिलं होतं की हे रंग जिवंत आहेत. बारीक जीव, त्यांचे थर. पिवळे सगळ्यात तापलेल्या पाण्यातले, नारिंगी त्याहून जरा निवलेल्या, हिरवे त्याहून. आणि जिथे पाणी निळं, निर्मळ दिसतं, अगदी उकळतं, तिथेही काही आहेत, डोळ्याला न दिसणारे.

पद्माक्का बाकावर बसल्या. पाय जवळ घेऊन, हात मांडीवर, देवळात बसावं तशा. लोक येत होते, फोटो काढत होते, जात होते. वाफ त्यांच्यावरून गेली आणि त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी पुसली नाही.

"उकळत्यात ऱ्हातात," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "मग मी जन्मभर काय पीत आले गं शैला?"

मी सन्मतीकडे पाहिलं. लहानपणी ज्या उकळण्यावरून तो आईला अडवायचा, त्याचा आधारच आज जमिनीने काढून घेतला होता. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. तो फळ्यांवर उकिडवा बसला आणि त्या पिवळ्या पाण्याकडे बघत म्हणाला, "आई, तुझ्या पातेल्यात हे न्हाईत. आपल्या आडाच्या पाण्यात ह्यांना जमायचंच न्हाय. ह्यांना एवढी धग लागतेच. हे हितलेच. तू करतेस ते बरोबर हाय."

"बरोबर हाय? तू म्हणतोस?"

"व्हय. मीबी कारखान्यात दुसरं काय करतो? दिवसभर दूध तापवायचं आणि आत काय जित्तं राहिलं का बघत बसायचं."

पद्माक्कांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि उघडे दिसायचे. त्यांनी मुलाच्या डोक्याकडे पाहिलं, पिकायला लागलेल्या केसांकडे. "मला वाटायचं तापलं की शुद्ध, निवलं की बाटलं," त्या म्हणाल्या. "हितं कोण कुणाला बाटवतंय बघ की. ज्याची धग ज्याला सोसंल त्यानं तिथं घर केलंय. आणि शेजार बी धरून ऱ्हायलेत."

त्या उठायला तयारच नव्हत्या. शेवटच्या बसने आम्हाला वर, गाडीपाशी सोडलं तेव्हा सूर्य समोरच्या डोंगराच्या माथ्याला टेकायला आला होता. तिथे तेव्हा दिवस आखूड. घर तासाभरावर. त्यांच्या दशम्या दुपारीच संपल्या होत्या, बाटली रिकामी होती, आणि हृदयाची गोळी संध्याकाळी जेवणानंतर घ्यायची होती. घरी पोचेपर्यंत अंधार पडणार, म्हणजे आज अन्न नाही, पाणी नाही, गोळीही नाही. मी घाबरले. त्यांचे ओठ केव्हाचे फिके पडले होते.

"उपास काय नवा हाय का मला?" त्या म्हणाल्या. "चला."

सन्मतीने गाडीचं मागचं दार उघडलं होतं. आत, कोटांच्या खाली, कापडात बांधलेला एक डबा होता. त्याने त्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. डबा काढेना, हातही काढेना.

"काय हाय रं त्यात?" पद्माक्कांनी विचारलं.

"मी माझ्यासाठी केलंतं."

"काय?"

"मुगाची खिचडी. कांदा न्हाय, लसूण न्हाय. भांडं नवं आणलंय. पाणी गाळून, उकळून घेतलंय. बाटलीत प्यायचंबी हाय."

"गाळलंस कशानं?"

"पांढरा सदरा होता, न घातलेला. दुहेरी केला."

पद्माक्का मास्तरीणच होत्या. शेवटचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. "आणि जिवाणी?"

"नळाला तळ्यातनं पाणी येतं," सन्मती म्हणाला. "सकाळी थांबलो होतो न्हवं तळ्याकाठी. तेव्हाच सोडली."

मला वाटलं होतं, तो तळं बघायला उतरला होता.

डोंगरावर उन्हाची एक चिंचोळी पट्टी राहिली होती. पद्माक्कांनी ती पाहिली, डबा पाहिला, मुलाला पाहिलं.

"नवं भांडं कशाला आणलंस?" त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात भांडी न्हाईत व्हय?"

त्याला ते लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा त्याने डब्याची गाठ सोडायला घेतली, आणि ती त्याला सुटेना. पद्माक्कांनी हात पुढे केला. "आण हिकडं. ऊन जाईल."

गाडीच्या मागच्या फळीवर बसून त्या जेवल्या. घाई न करता. एक घास, दुसरा घास. मध्ये त्याने दिलेल्या बाटलीतलं पाणी. सन्मती हातात झाकण धरून समोर उभा होता. मी दूर जाऊन कठड्याशी उभी राहिले. खालचं खोरं निळं होत चाललं होतं आणि त्यातून अजून वाफा वर येत होत्या, कुणाला न सांगता.

"मीठ कमी हाय," मागून आवाज आला. "उद्या माझ्यासमोर कर."

माझी सुट्टी संपली. त्यांना अजून काही महिने राहायची मुभा होती. मी निघाले त्या दिवशी लख्ख सकाळ होती. बस कोपऱ्यावरच यायची. सन्मतीने माझी बॅग फाटकाशी नेऊन ठेवली आणि काहीतरी करपेल म्हणून धावत आत गेला. गॅरेजचं दार बंद होतं, गाडी परत आत गेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्याच्या रोजच्या ओट्यापाशी, त्याच्या काळ्या पडलेल्या तव्यासमोर दोघे पाठमोरे उभे होते. आक्कांचे कोपर पिठाने पांढरे झाले होते.

"थाप, थाप. कुरवाळू नको, पीठ हाय ते."

"चिरतंय आई."

"मग चिरणारच. पहिली कुणाची आलीया?"

"आक्का," मी म्हटलं, "येते मी."

"ये गं. सावकाश जा." त्या वळल्या नाहीत. "आता टाक. वरनं पाणी लाव. अरं हात न्हाय भाजत, लाव."

मी थोडा वेळ थांबले. मग फाटकाकडे गेले, बॅग उचलली. कोपऱ्यावर बस वळताना दिसत होती. तेवढ्यात मागच्या उघड्या खिडकीतून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, वर्गातला तो आवाज आला:

"फुगली रं! बघ, बघ, फुगली!"